फोटो वाचणारे सर

"फोटो कुठं पळून जात नाही," असं म्हणून सर दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे आणि पडद्यापासून चार पावलं मागे सरकायचे. आम्ही बाकीचे पडद्याला नाक लावून बसलेलो असायचो. सर मात्र लग्नाच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेमागे उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखे लांबून बघत राहायचे. एक मिनिट जायचं, दोन जायची. मग घसा खाकरून म्हणायचे, "हं. आता जवळून बघू."

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल. त्याच्या सावकाशपणावर सगळे वैतागतात आणि अडलं की सगळे त्याच्याकडेच जातात. आमच्याकडे ते सर होते.

सर ज्याला फोटो म्हणायचे, तो म्हणजे पेट स्कॅन. गुरुग्रामच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात आमचा विभाग आहे. वर काचेची चकचकीत इमारत, खाली आम्ही. रुग्णाच्या शिरेत किंचित किरणोत्सारी साखर सोडायची, तासभर त्याला शांत पडू द्यायचं आणि मग मशीनमध्ये घालायचं. कॅन्सरच्या पेशी साखरेला हपापलेल्या असतात. त्या जिथं असतील तिथं फोटोत काळा डाग उमटतो. मी मेडिकल फिजिक्स शिकलेली. त्या डागांच्या कडा आखून शरीरात एकूण आजार किती आहे याचं माप काढणं हे माझं काम होतं. त्या मापाचा अर्थ लावणं हे सरांचं.

सर मूळचे वर्ध्याचे. तरुणपणी दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयात नोकरीला लागले, तिथूनच निवृत्त झाले आणि मग आमच्याकडे आले. रोज मयूर विहारहून मेट्रोनं यायचे. एवढ्या लांबून कशाला येता, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "झोप होते. घरी बायको दुपारी झोपू देत नाही." वऱ्हाडी, हिंदी आणि इंग्रजी यांची त्यांनी एक स्वतंत्र भाषा तयार केली होती. माझं मराठी दिल्लीत वाढलेलं, त्यामुळे त्यालाही जागोजागी भोकं. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, "डाव्या बरगडीखाली बघ," आणि मी मान बघायला लागले. सर स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाले, "पसली, यार. पसली."

थंडीत आमच्याकडे एक अडचण व्हायची. जानेवारीत रुग्ण कुडकुडत आला की मानेभोवतीची चरबी अंग गरम ठेवायला साखर खाते, आणि फोटोत तिथं आजारासारखेच डाग उमटतात. एका मुलीचा असा फोटो बघून आम्ही सगळे हादरलो होतो. सरांनी लांबून बघितलं आणि विचारलं, "हिनं स्वेटर कुठं ठेवलं?" दुसऱ्या सोमवारी ते पानिपतची सहा जाडजूड ब्लँकेटं घेऊन आले, लालभडक, मोठमोठ्या गुलाबांची. व्यवस्थापनाच्या लोकांना ती काही पसंत पडली नाहीत. रुग्णालयाच्या रंगसंगतीत बसत नाहीत म्हणाले. सर म्हणाले, "रंगसंगतीला थंडी वाजत नाही." ब्लँकेटं राहिली.

अशातच आमच्याकडे लिम्फोमाच्या रुग्णांसाठी पेशींचा उपचार सुरू झाला. लिम्फोमा म्हणजे मानेतल्या, काखेतल्या, पोटातल्या लसीकाग्रंथींचा कॅन्सर. पुष्कळ जण केमोनं बरे होतात. ज्यांचा आजार परत परत येतो, त्यांच्या रक्तातल्या लढाऊ पेशी काढून प्रयोगशाळेत पाठवायच्या, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा त्याच माणसाच्या अंगात सोडायचं, असा हा उपचार. काहींना तो अक्षरशः परत उभं करतो. काहींना काहीच करत नाही. कोणाला उपयोग होईल हे आधीच्या स्कॅनवरून सांगता येईल का, यावर आम्ही काम करत होतो. आजाराचं माप, डागांचा गडदपणा, त्यांच्यातलं अंतर हे सगळं मी संगणकाला द्यायची. तो अंदाज सांगायचा.

पहिल्या काही रुग्णांत रोहतकचा एक तिशीतला इंजिनीअर होता. आजार अगदी थोडा, अंदाज उत्तम. त्याचे वडील रोज आमच्या तळघरात येऊन बसायचे. पांढरं धोतर, हातात काठी. एके दिवशी त्यांनी सरांना गाठलं. "डॉक्टर साहब, मशीन क्या कहती है?"

सर त्या दिवशी खुशीत होते. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बढ़िया कहती है, चौधरी साहब. टेन्शन मत लो."

पेशी दिल्यावर तीन महिन्यांनी तो मुलगा पुन्हा स्कॅनला आला. फोटो उमटत गेला. छाती, पोट, कंबरेचं हाड, सगळीकडे डाग होते. सर लांब उभेच राहिले नाहीत, खुर्चीत बसले. खरं तर पुढचं सांगणं वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांचं काम, पण सर स्वतः बाहेर गेले. मी दारात उभी होते. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. भांडले नाहीत, आवाज चढवला नाही. फक्त म्हणाले, "आपने तो कहा था..." आणि काठी टेकत उठले. मुलगा उन्हाळ्याच्या आधीच गेला.

चौधरींना सांगितलं त्या दुपारी सरांनी डबा उघडला नाही. मी म्हटलं, "सर, अंदाज होता तो. चुकायचाच कधीतरी."

"अंदाज चुकला नाही," सर म्हणाले. "मशीन म्हणालं होतं, बहुतेक. मी त्यांना सांगितलं, नक्की. तो शब्द माझा होता."

त्यानंतर त्यांनी एक गोष्ट सोडली. रुग्णाच्या घरच्यांशी बोलताना ते पुन्हा कधी खांद्यावर हात ठेवायचे नाहीत. समोर खुर्ची घेऊन बसायचे आणि एकेक शब्द निवडून बोलायचे.

पुढच्या वर्षी एका सकाळी यादीत मला ओळखीचं नाव दिसलं. पहाडगंजच्या मराठी शाळेत मला पाचवी ते सातवी शिकवलेल्या बाई. मी धावत बाहेर गेले. लाल गुलाबांच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या बाई बाकावर बसल्या होत्या. दोन वेळा केमो होऊनही त्यांचा आजार परत आला होता. त्यांनी मला क्षणभर निरखलं.

"अगं, तू ना? शेवटच्या बाकावरची. 'ळ' म्हणता यायचा नाही तुला."

"आता येतो, बाई."

"म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवला. मगच त्या सुईला तयार झाल्या. सुईनंतर तासभर बोलायचं नसतं, बोललं की घशाचे स्नायू फोटोत उमटतात. तास संपल्यावर बाई म्हणाल्या, "छत्तीस वर्षं मुलांना गप्प बसवलं. माझ्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली."

फोटो वाईट होता. मी तीनदा मोजला. तिन्ही वेळा माप फार मोठं आलं, आणि संगणकाचा अंदाज तुम्ही समजून घ्याच. मी बाहेर आले तेव्हा बाई साडीचा पदर नीट करत होत्या.

"काय गं, निकाल काय?"

"सर बघतील आणि सांगतील, बाई."

"तुला माहीत नाही?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी तुला कधी खोटे मार्क दिले नव्हते."

मला तिथं उभं राहवेना. मी आत जाऊन सरांना सगळं सांगितलं. सर उठले, बाहेर गेले, खुर्ची ओढून बाईंच्या समोर बसले.

"बाई, आजार जास्त आहे. इतका आजार असला की बऱ्याच जणांना हा उपचार पुरा पडत नाही. काहींना पडतो. तुम्ही कुठल्यात, ते मला आत्ता माहीत नाही. मशीनलाही नाही."

"मग कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही. उपचारानंतर तुमचे फोटो बघितले की मी सांगीन. जे असेल ते."

बाई म्हणाल्या, "ठीक. उत्तर येत नसलं तर येत नाही म्हणावं. मला हे आवडलं."

रुग्णालयात दर गुरुवारी सगळ्या डॉक्टरांची बैठक असायची. त्या गुरुवारी मी बाईंचं माप आणि अंदाज पडद्यावर लावला. रक्तविकारांच्या डॉक्टर, वयानं तरुण आणि मनानं फार प्रामाणिक, म्हणाल्या, "आजार इतका, वय सदुसष्ट. या उपचारानं मेंदूवर परिणाम होतो, ताप येतो. उपयोग होणार नसेल तर त्यांना त्यातून न्यायचं का? मला खरंच कळत नाही."

खोलीत सगळे आकड्याकडे बघत होते. सर मागून म्हणाले, "बेटा, आकडा काढ आणि फोटो लाव."

मी फोटो लावला. सर हात पाठीमागे घेऊन उभे राहिले. सगळे घड्याळं बघायला लागले. मग सर पुढे आले आणि पोटातल्या एका डागावर बोट ठेवलं. "हे सगळं माप या एका गाठीचं आहे. बाकीचे डाग बघा, हरभऱ्याएवढे आहेत. आकड्यात हे दिसत नाही. पेशी तयार होऊन येईपर्यंत ही एक गाठ रेडिएशननं लहान करता येईल का? म्हणजे पेशींना काम थोडं कमी पडेल."

बराच वेळ चर्चा झाली. शेवटी ठरलं, रेडिएशन द्यायचं आणि पेशीही द्यायच्या. बैठकीतून बाहेर पडताना मी सरांना म्हटलं, "आता बरं वाटतंय." सर म्हणाले, "मला नाही वाटत. मी एका बाईला अवघड रस्त्यावर पाठवून राहिलो. बरोबर की चूक, माहीत नाही."

बाईंचे पती केंद्र सरकारच्या खात्यातून निवृत्त झालेले. पेशी नेमक्या कुठं गेल्यात हे त्यांना काही केल्या उमजेना. सरांनी त्यांना समजावलं, "डेप्युटेशनवर गेल्यात. ट्रेनिंग संपलं की मूळ जागी परत जॉइन होतील."

"अच्छा!" त्यांचा चेहरा उजळला. "मग येतील. वेळ लागेल, पण येतील."

पेशी आल्या. छोट्याशा पिशवीतून पंधरा मिनिटांत आत गेल्या. तिसऱ्या दिवशी ताप चढला. या उपचारात रुग्णाकडून रोज एक वाक्य लिहून घेतात. मेंदूवर परिणाम व्हायला लागला तर तो अक्षरात आधी दिसतो. सगळे रुग्ण रोज एकच वाक्य लिहितात. बाईंनी ते साफ नाकारलं. रोज नवीन वाक्य, तेही मराठीत. वॉर्डातली सिस्टर केरळची. वाक्य बरोबर आहे की नाही हे तिला कळणार कसं? तिनं तळघरात फोन केला.

आणि इतक्या वर्षांत वॉर्डाची पायरी न चढलेले सर रोज सकाळी चौथ्या मजल्यावर जायला लागले. आल्यावर आम्हाला वाक्य सांगायचे. "आजची भेंडी कच्ची होती." "खिडकीतून विमानं दिसतात, पाखरं दिसत नाहीत." मग म्हणायचे, "व्याकरण ठणठणीत आहे."

सहाव्या दिवशी ते लिफ्टची वाट न बघता जिन्यानं खाली आले. हातात कागद होता. "आज वर्गात वर्गात" एवढंच लिहिलं होतं. शिरोरेघ नव्हती आणि शेवटचं अक्षर घसरत कागदाच्या कडेपर्यंत गेलं होतं. वरती डॉक्टरांनी औषधं सुरू केलीच होती. सर दिवसभर फोटो वाचत राहिले, पण दर तासाला वर फोन करत होते. दुसऱ्या दिवशी बाईंना स्वतःचं नाव सांगता येईना. त्यांचे पती कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभे होते. सर त्यांच्याशेजारी तसेच टेकून उभे राहिले.

चार दिवसांनी सर खाली आले ते कागद वर धरूनच. तंत्रज्ञ, रिसेप्शनवरची मुलगी, ट्रॉली ढकलणारे भाऊ, मराठीचं अक्षरही न येणाऱ्या सगळ्यांना त्यांनी तो दाखवला. कागदावर सरळ, शिरोरेघ दिलेल्या अक्षरात लिहिलं होतं, "डॉक्टरांच्या मराठीत हिंदी फार आहे."

महिन्यानंतरच्या फोटोत पोटातली गाठ जवळजवळ पुसली गेली होती. एक फिकट ठिपका तेवढा राहिला होता. संगणकाला तो आवडला नाही. मलाही नाही. सर म्हणाले, "भरून येणारी जागाही साखर खाते. काय आहे ते आत्ता सांगता येत नाही." बाईंनाही त्यांनी हेच शब्द सांगितले, एकही जास्त नाही. तिसऱ्या महिन्याचा फोटो आला तेव्हा सर चार पावलं मागे जाऊन इतका वेळ उभे राहिले की शेवटी मीच विचारलं.

"सर?"

"काही नाही," ते म्हणाले. "म्हणजे, काहीच नाही. फोटो स्वच्छ आहे." ते पडद्यासमोरून बाजूला झाले. "जा, तूच सांग. तुझ्या बाई आहेत."

बाई आता द्वारकेला आपल्या सोसायटीतल्या मुलांना शनिवारी मराठी शिकवतात. त्यांना दिवस कमी मिळणार, असं आमचं गणित म्हणालं होतं. त्या ते गणित विसरून गेल्या आहेत.

सरांचं पुढचं सांगायला मला जड जातं.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात ते पडद्याकडे बघताना मान वाकडी करायला लागले. समोर न बघता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचे. मान अवघडली असेल असं आम्हाला वाटलं. एका सकाळी एका तरुण बाईचा फोटो वाचून त्यांनी सांगितलं, "सगळं ठीक." मी म्हटलं, "सर, डाव्या काखेत एक ठिपका आहे."

"कुठं?"

मी बाणानं दाखवला.

"कुठं?" त्यांनी पुन्हा विचारलं.

मी बोट पडद्यावर टेकवलं. सरांनी मान एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या. बराच वेळ गेला. मग शांतपणे म्हणाले, "हो. आहे. आता दिसला."

रिपोर्ट अजून गेला नव्हता, त्यांनी तो दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी ते डोळे तपासून आले. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. कडेचं दिसत होतं, मधलं पुसट झालं होतं. हे त्यांनी आम्हाला चहा पिता पिता सांगितलं आणि त्याच दिवशी फोटो वाचणं थांबवलं. मात्र घरी गेले नाहीत. विभागप्रमुखांकडे जाऊन म्हणाले, "गेल्या चार महिन्यांतले माझे सगळे रिपोर्ट दुसऱ्या कोणाकडून परत वाचून घ्या. माझ्यासमोर."

कोणी म्हणालं, एवढी गरज नाही. सर म्हणाले, "त्या लोकांना विचारू या का, गरज आहे की नाही?"

तीन आठवडे ते काम चाललं. आमच्या दुसऱ्या डॉक्टर वाचायच्या, मी फोटो काढून द्यायची आणि सर कोपऱ्यातल्या खुर्चीत कोट अंगावर घेऊन बसायचे. प्रत्येक फोटो झाला की विचारायचे, "बरोबर?" दोन ठिकाणी बारीक फरक सापडला. त्यानं कोणाच्या उपचारात काही बदललं नसतं. तरीही सरांनी त्या दोघांच्या डॉक्टरांना स्वतः फोन करून सांगितलं. शेवटचा फोटो झाला तेव्हा ते उठले आणि म्हणाले, "चलो. आता झोप लागेल."

निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना मेट्रोपर्यंत सोडायला गेले. कॅब करू म्हटलं तर म्हणाले, "अजून हरवलो नाही मी. बायको राजीव चौकात उभी आहे घ्यायला." पुढच्या महिन्यात दोघं वर्ध्याला राहायला जाणार होते. आता ते तिथंच असतात.

फलाटावर ऑफिस सुटल्याची गर्दी होती. गाडी कुठली, हे त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न असेल, ज्याचं उत्तर मला बिनचूक माहीत होतं. गाडी आली. एका मुलानं आत त्यांना जागा देऊ केली, पण ते बसले नाहीत. दारातच वळले आणि गर्दीत मला शोधायला लागले. मान इकडे झाली, तिकडे झाली. मग त्यांचा चेहरा खुलला आणि त्यांनी हात हलवला.

मला नाही. माझ्यापासून चार हात डावीकडे उभ्या असलेल्या एका मुलीला. साधारण माझ्याच उंचीची, खांद्यावर ऑफिसची बॅग, कानात इअरफोन. तिनं मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. क्षणभर ती थांबली, मग एका कानातला इअरफोन काढला आणि हात उंच करून सरांना टाटा केला, अगदी मनापासून. सर समाधानानं हसले. दारं लागली.

गाडी गेल्यावर ती माझ्याकडे वळली. मी रडतेय हे तिच्या लक्षात आलं असावं.

"आपके थे?" तिनं विचारलं.

"जी," मी म्हटलं. "हमारे सर."